एक कोटी सदुसष्ट लाख रंग आणि एक संत्रे

आमच्या शाळांतून मुलांना कॉम्प्युटर शिकवला जातो असे म्हणण्याची एक पद्धत पडून गेली आहे. माझ्या मते ती आता बंद व्हावी. शिकवली जातात ती बटणे. अक्षर ठळक कसे करावे, तक्त्याला चौकट कशी घालावी, रंगाची बादली कुठल्या मेनूत असते आणि ती चित्रावर कशी ओतावी. परीक्षेतही तेच विचारतात. स्वयंपाक शिकवतो म्हणून सांगायचे आणि हॉटेलचे मेनूकार्ड पाठ करून घ्यायचे, त्यातला हा प्रकार!

मी कला शाखेचा पदवीधर, गोव्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण ज्यांना अधिकार आहे ते बोलत नाहीत, आणि रजिस्टर म्हणजे काय हे मला त्यांच्यापेक्षा थोडे अधिक कळते असा माझा दावा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

आज कोणत्याही दुकानात जा. पडद्यावर एक कोटी सदुसष्ट लाख रंग दिसतात असे विक्रेता सांगतो. हिशेब बरोबर आहे. लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणजे १,६७,७७,२१६. मुलगा रंगचक्रावर बोट फिरवतो, बोट जिथे थांबेल तो रंग त्याचा. तो रंग यंत्रात कुठे राहतो, कोणी ठेवला, तो बदलायचा तर कोणाला सांगायचे, यातले त्याला काही ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही असे त्याला बजावले जाते. एक कोटी सदुसष्ट लाखांचा धनी, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे!

आता बोरगावची गोष्ट. बोरगाव म्हणजे मध्य प्रदेशातले, सौंसरजवळचे. पूर्वी छिंदवाडा जिल्हा, २०२३ पासून नवा पांढुर्णा जिल्हा. माझी सासुरवाडी तिथली. राजधानी भोपाळ असली तरी सगळा ओढा नागपूरकडे. शाळा हिंदी, घर मराठी. एका अंगाला रेमंडची कापडगिरणी, दुसऱ्या अंगाला कापूस आणि संत्र्याच्या बागा. रंगाच्या बाबतीत हे गाव अडाणी आहे असे कोणी म्हणू नये. संत्रे तोडायला आले की नाही, हे तिथला माणूस सालीवरच्या रंगाच्या एका छटेवरून सांगतो, आणि व्यापारी त्याच छटेवरून भाव पाडतो.

माझ्या मेहुण्याचा मुलगा नववीत आहे. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, आणि त्यावर त्याने स्पेक्ट्रम नेक्स्ट या यंत्राचा एमुलेटर चढवला आहे. ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त घरगुती कॉम्प्युटर काढला. टीव्हीला जोडायचा, चालू केला की लगेच बेसिक भाषा समोर. भारतातही १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याची आवृत्ती विकली. स्पेक्ट्रम नेक्स्ट हा त्याच यंत्राचा आजच्या काळातला वारस. २०१७ साली लोकवर्गणीतून त्यासाठी पैसे उभे राहिले आणि २०२० मध्ये यंत्रे लोकांच्या हाती पडली. खरे यंत्र आपल्याकडच्या साध्या घराला परवडण्यासारखे नाही. पण एमुलेटर फुकट मिळतो आणि यंत्राची सगळी रजिस्टरे त्यात जशीच्या तशी हाताळता येतात.

जुन्या स्पेक्ट्रममध्ये रंग किती? आठ. काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. प्रत्येकाचा मंद आणि तेज अवतार, त्यात काळा दोन्हींत सारखाच, म्हणून एकूण पंधरा. आकड्यांतही गंमत आहे: निळा १, लाल २, हिरवा ४, आणि बाकीचे यांच्या बेरजा. पिवळा ६, कारण लाल अधिक हिरवा. सगळे नेटके. फक्त एक अडचण, या यादीत नारंगी रंग नाही!

बोरगावच्या पोराने संत्र्याची बाग काढायला घेतली आणि यंत्रात संत्र्याचा रंगच नाही. जुन्या यंत्रावर इथे गोष्ट संपली असती, कारण तिथे रंग चिपमध्ये पक्के बसवलेले होते. नेक्स्टमध्ये मात्र रंगांचे रजिस्टर उघडे आहे.

आता माझा दावा. आमच्या कचेरीत जमाखर्चाच्या प्रत्येक कागदावर लेखाशीर्षाचा आकडा असतो. कागदावर योजनेची कुळकथा लिहीत नाहीत, नुसता आकडा. त्या आकड्याचा अर्थ काय ते एका जागी नोंदलेले असते. योजनेचे नाव पुष्कळदा बदलते; मंत्री बदलला की बदलते, सरकार बदलले की बदलते. म्हणून आम्ही दहा वर्षांचे कागद काढून खाडाखोड करत बसत नाही. एका नोंदीत नवे नाव लिहिले की काम झाले. कॉम्प्युटरमधले रंगाचे रजिस्टर म्हणजे नेमके हेच. पडद्यावरच्या चित्रात रंग नसतोच, फक्त आकडा असतो: या चौकटीतली शाई ६. आता ६ म्हणजे कोणता रंग, ते रजिस्टर ठरवते. तिथली एक नोंद बदलली की पडद्यावर जिथे जिथे ६ आहे तिथे तिथे रंग बदलतो, आणि चित्राच्या एकाही ठिपक्याला हात लावावा लागत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी. ९२७५ हे एक दार आहे आणि ९५३१ हे दुसरे. पहिल्यावर सांगायचे की मला कोणते रजिस्टर हवे, दुसऱ्यावर त्यात काय लिहायचे ते द्यायचे. रजिस्टर ६७ मध्ये ० लिहिला की नेहमीच्या पडद्याचे रंगपत्रक हाती येते. ६४ मध्ये नोंदीचा क्रमांक लिहायचा, ६५ मध्ये रंग. रंगाचा आकडा तोंडी करता येतो: लाल ० ते ७, त्याला ३२ ने गुणा, हिरवा ० ते ७, त्याला ४ ने गुणा, निळा ० ते ३, तो तसाच, आणि तिन्हींची बेरीज. नागपुरी संत्रे म्हणजे लाल पूर्ण ७, हिरवा ४, निळा शून्य. २२४ अधिक १६, उत्तर २४०.

६४ मध्ये ६, ६५ मध्ये २४०. पडद्यावरची सगळी पिवळी फळे नारंगी झाली.

पण पोरगा इथे थांबला नाही, आणि माझ्या या लेखाचे कारण ते आहे. त्याच्या लक्षात आले की हिरवा ४ वर ठेवून लाल एकेक पायरी चढवला तर आकडा दर वेळी ३२ ने वाढतो. मग त्याने फॉर एन = १६ टू २४० स्टेप ३२ असा फेरा लिहिला. १६ म्हणजे लाल शून्य, हिरवा ४: कच्चे फळ. मग ४८, ८०, ११२, १४४, १७६, २०८ आणि २४०. आठ पायऱ्यांत सगळी बाग हिरव्यातून पिवळसर होत होत नारंगी झाली. मधल्या छटा पाहून त्याचे आजोबा म्हणाले, ही चौथी-पाचवी छटा दिसली की व्यापारी चकरा मारू लागतो. “काकाजी, झाड मी एकदाच काढलं. फक्त एकच नोंद बदलवून राहिलो,” असे त्याने मला समजावले. (फेऱ्यात दर वेळी ६४ मध्ये ६ पुन्हा लिहावा लागतो, कारण ६५ मध्ये रंग लिहिला की नोंदीचा क्रमांक आपोआप एकने पुढे सरकतो. आमच्या आवक रजिस्टरात असा गुण असता तर निम्मे टपाल हरवले नसते!)

घरातल्याच एका सुशिक्षित पाहुण्यांनी हे बघून जे म्हटले ते इथे देतो, कारण तेच पन्नास ठिकाणी ऐकू येते. “एवढ्यासाठी संध्याकाळ घालवली? फोनवर दोन बोटांनी होते.” होते, साहेब. फोनवर संत्र्याचे चित्र नारंगी होते. पण नारंगी म्हणजे लाल सात आणि हिरवा चार हे फोन सांगत नाही. पिकणे म्हणजे एका आकड्याचे दुसऱ्या आकड्याकडे जाणे, हे फोनवर कळत नाही. फोन तुमचे काम करून देतो आणि तुम्हाला त्या कामातून बाहेर काढतो. फोन विकणाऱ्याला ते सोयीचे आहे. शाळेनेही तेच करावे, याला मात्र माझा विरोध आहे.

आणि हे आपल्याकडे कधी नव्हतेच असेही नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून सुमारे अडीचशे शाळांत कॉम्प्युटर दिले. यंत्र कोणते, तर बीबीसी मायक्रो. पुढे मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने ‘युनिकॉर्न’ नावाने तेच यंत्र इथेही बनवले. त्यात व्हीडीयू १९, १, ४, ०, ०, ० एवढे लिहिले की १ क्रमांकाचा रंग निळा होई. ज्याचे एवढ्याने भागत नसे त्याच्यासाठी ६५०५७ हा रजिस्टरचा पत्ता होता. तिथे रंगाचा आकडा सातातून वजा करून, उलटा लिहावा लागे. त्या मोजक्या शाळांतल्या मुलांसमोर दार उघडे होते. त्या योजनेत उणिवा पुष्कळ होत्या; शिक्षकांना पुरते प्रशिक्षण नाही, यंत्रे थोडी. तरी उणिवा दूर करायच्या सोडून पुढे अभ्यासक्रमच कचेरीच्या सॉफ्टवेअरकडे वळला. मुलांना विद्यार्थी करण्याऐवजी कारकून करायचे ठरले! कारकून असण्यात वाईट काही नाही, पण आठवीतच कशाला?

कॉलेजात तरी काय झाले? टर्बो सी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी पडद्यावर मोटारगाडी चालवली आणि जर्नलवर सही घेतली. त्याच पीसीमध्ये १९८७ पासून व्हीजीएचे रंगाचे रजिस्टर होते: ९६८ या दारावर नोंदीचा क्रमांक, ९६९ वर लागोपाठ लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते ६३. २,६२,१४४ रंगांतून एका वेळी २५६ निवडायचे. किती जणांना हे प्रयोगशाळेत सांगितले गेले? मी ओळखीच्या आठ-दहा इंजिनियरांना विचारले. एकाला माहीत होते, आणि तेही त्याने स्वतः शोधून काढलेले.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचा मारिओ तर आपल्या गावोगावी पोचला होता. त्या १९८५ च्या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. फक्त रंगपत्रक वेगळे. लाखो पोरांनी ते पाहिले. शिकवणारा कोणी असता तर तिथेच एक धडा झाला असता.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण दुबळ्या मुद्द्याशी लढण्यात अर्थ नाही. ते म्हणतात, हे रंगपत्रक प्रकरण गरिबीतून आले. खरे आहे. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला आजच्यासारखा पूर्ण रंग द्यायचा तर १४४ किलोबाइट लागतील, आणि यंत्राची सगळी स्मृती ४८. म्हणून चित्राला ६१४४ बाइट आणि रंगाला फक्त ७६८, आठ बाय आठच्या चौकटीला एकच शाई आणि एकच कागद. पानाची चौकट आणि फळाची चौकट एक झाली की पानही नारंगी! हे कबूल.

पण आमच्या गोव्यात या आणि भिंतीवरची कावी पाहा. कोकणापासून कारवारपर्यंत देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर ही कला आहे. चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर लाल कावेचा थर, आणि तो ओला असताना कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोन. शाई आणि कागद! तीही गरिबीच, किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना आणि लाल माती जे मिळाले त्यातून झालेली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा घ्या. १२० पाने, दहा रंग, प्रत्येकात बारा. त्या त्या अवताराच्या बाराही पानांची जमीन एका रंगाची, पान दिसताक्षणी ते कोणाचे ते कळावे म्हणून. तिथे रंग म्हणजे सजावट नव्हे, नोंद आहे. थोड्या रंगांत विचारपूर्वक काम करणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. परके आहे ते रंगचक्र.

परकेपणावरून आठवले. वेबपाने करणाऱ्यांच्या भाषेत रंगांना सुमारे दीडशे ठरीव इंग्रजी नावे आहेत. त्यांत ‘पेरू’ नावाचा रंग आहे आणि तो तपकिरी आहे! मराठी पोराने काय समजायचे? बाहेरून हिरवा, आतून गुलाबी असा पेरू खाल्लेला पोरगा ते नाव बघून गोंधळतो. ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या देशाचे. त्याच यादीत ‘इंडियन रेड’ आहे. हे लोहयुक्त लाल मातीच्या रंगद्रव्याचे जुने इंग्रजी नाव, म्हणजे नात्याने आपल्या कावेचीच बहीण. पण पडद्यावर ती फिक्कट गुलाबी होऊन येते. अमेरिकेत मुलांच्या खडूच्या पेटीतून हे नाव १९९९ साली काढून टाकले, कारण मुलांना ते माणसांच्या कातडीचे वर्णन वाटू लागले होते. आपल्याच मातीच्या नावाचा हा प्रवास, आणि त्यात आपले मत कोणी विचारले नाही.

रजिस्टरात नाव नसते, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो. तिथे फक्त आकडा आहे. नाव तुमचे तुम्ही ठेवा. २४० ला संत्री म्हणा, नारंगी म्हणा. अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, शेवाळी, विटकरी, केतकी, एवढे शब्द आपल्या घरात आहेत आणि मुले ‘डार्क पिंक’ म्हणतात, कारण बटणावर तेच लिहिलेले असते. बोरगावच्या पोराने आपल्या वहीत आकडे आणि पुढे आजीने सांगितलेली नावे अशी यादी केली आहे. तीत काही नावे मी कधी ऐकलेलीही नव्हती, आणि त्यांतली निम्मी शाळेच्या पुस्तकात सापडणार नाहीत.

दुसरा आक्षेप जुन्या यंत्रांच्या शौकिनांमुळे येतो. ही मंडळी बहुधा विलायतेतली. पन्नाशीत पैसा हाती आला की लहानपणचे यंत्र पुन्हा विकत घेतात आणि डोळे पुसतात. त्यावरून आपल्याकडचे लोक म्हणतात, हा स्मरणरंजनाचा खेळ. अहो, कोणाचे स्मरण? बोरगावात १९८२ साली कोणाच्या घरी स्पेक्ट्रम होता? माझ्या घरी गोव्यातही नव्हता. ज्याची आठवणच नाही त्याचे रंजन कसे करणार? आपल्यासाठी हे यंत्र जुने नाहीच, ते उशिरा आले आहे एवढेच.

तिसरा आक्षेप पोटाचा: यातून नोकरी मिळेल का? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आले आहे, त्याच्या नावाने महागड्या शिकवण्याही निघाल्या, आणि तिथे मुले रंगीत ठोकळे ओढून मांजर नाचवतात. त्यातून नोकरी मिळते का, हे कोणी विचारत नाही. मग माझ्या ९२७५ लाच का विचारता? मागणीही मोठी नाही. शाळेत अडगळीत पडलेले जुने कॉम्प्युटर या एमुलेटरला पुरतात. एका सत्रात आठवड्याला एक तास. बादली नको, चक्र नको. तीन आकडे आणि एक रजिस्टर.

ज्या शिक्षकांना आधी स्वतः करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी गोव्याचा एक रंग देतो. जांभ्याची काव म्हणजे लाल ५, हिरवा २ आणि निळा अगदी किंचित, १. वरच्या रीतीने हिशेब केला तर १६८ येतात, पण त्यात निळा शून्य राहतो आणि रंग फार भगवट दिसतो. निळा एकेक आकड्याने वाढवून पाहाल तर पहिल्याच पायरीला तो एकदम ३ होतो, कारण ६५ मध्ये निळ्याला दोनच बिट दिले आहेत आणि तिसरा यंत्र स्वतः भरते. अशा वेळी ६५ सोडून ६८ वापरायचे. त्यात दोनदा लिहितात: आधी १६८, मग १. तो दुसरा १ म्हणजे निळ्याचा शेवटचा बिट. ६४ मध्ये २ असेल तर लाल शाईची काव होते. कागदाच्या लालाची नोंद वेगळी, १८ क्रमांकाची. २२७ हा आकडा मात्र टाळा. यंत्र त्याला रंग मानत नाही, पारदर्शक काच मानते.

बोरगावच्या बागेत सध्या निराळीच अडचण आहे. आजोबांचे म्हणणे, अंबियाचे फळ आणि मृगाचे फळ एकाच वेळी पिकताना दाखवले तर बघणारा शेतकरी हसेल. म्हणून अंबियाची बाग ६ वर ठेवून मृगाची तेज पिवळ्याच्या १४ वर हलवायचे चालले आहे, आणि दोन फेऱ्यांत अंतर किती ठेवायचे यावर आजोबा-नातवाचे अजून एकमत झालेले नाही.